गुरुनाथ सुभेदाराचा गण कोणता?

गुरुनाथ सुभेदार हा माणूस मुळात कसा आहे, याचा निकाल मालिका संपून इतकी वर्षं झाली तरी लागलेला नाही. निदान आमच्या गोंदियातल्या घरात तरी नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ च्या ऑगस्टात झी मराठीवर सुरू झाली आणि २०२१ च्या मार्चमध्ये संपली. मधल्या काळात नोटा रद्द झाल्या, टाळेबंदी लागली, उठली, आणि गुरुनाथ मात्र आमच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी न चुकता बायकोशी, म्हणजे राधिकेशी, खोटं बोलत राहिला. अभिजीत खांडकेकरांनी हे काम इतकं मन लावून केलं की पेपरात त्यांचा फोटो दिसला तरी आमची मोठी आई पान उलटते.

हा जुना खटला पुन्हा उभा राहिला तो भाचीमुळे. ती नागपूरला मानसशास्त्र शिकते. दिवाळीला येताना एक प्रश्नावली घेऊन आली आणि म्हणाली, “मामाजी, आपण गुरूचा टाईप काढू.” जगात माणसं सोळा प्रकारची असतात म्हणे. प्रत्येक प्रकाराला चार इंग्रजी अक्षरं. माणूस लोकांत रमतो की स्वतःत, डोळ्यांनी पाहतो की अंदाजाने, डोक्याने ठरवतो की मनाने, आणि आखून जगतो की वाऱ्यावर, एवढं विचारलं की झाली चार अक्षरं.

ही पद्धत काढली कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी. आधार कार्ल युंगच्या १९२१ च्या ग्रंथाचा. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं आणि लेकीने त्याआधी एक रहस्यकादंबरी लिहून बक्षीस मिळवलं होतं. हे कळल्यावर माझा या शास्त्रावरचा विश्वास वाढला. कादंबरीकार बाईने काढलेली पद्धत मालिकेतल्या माणसाला नाही लागायची तर कोणाला? भाचीने मला गप्प बसवलं. दुसऱ्या महायुद्धात कोणत्या बाईला कोणतं काम जमेल हे ओळखायला या पद्धतीचा उपयोग होईल, अशी त्या लेकीची कल्पना होती, ही माहिती तिनेच पुरवली. गुरुनाथाला कोणतं काम जमेल, यावर घरात शांतता पसरली.

अडचण पुढेच होती. प्रश्नावली ज्याची त्याने भरायची असते. गुरुनाथाने स्वतः भरली असती तर आतून एखादा सेनापती निघाला असता: कर्तबगार, दूरदृष्टीचा, दुर्दैवाने बायकोने न ओळखलेला. मग माझ्या बायकोने राधिका होऊन भरली, भाचीने त्याची प्रेयसी शनाया होऊन, आणि गुरुनाथाचा बाप कोणीतरी व्हायला हवं म्हणून मी. तीन कागद, तीन वेगळे गुरुनाथ. शनायाचा ‘गॅरी’ (ती गुरुनाथाला हेच म्हणायची) तर इतका दिलदार निघाला की बायकोने तो कागद दुसऱ्यांदा वाचला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

एका अक्षरावर मात्र एकमत झालं. डोळ्यांनी नीट पाहणाऱ्यांचं जे अक्षर असतं, ते या माणसाला द्यायचं नाही. शनायाचं काम आधी रसिका सुनील करत होती, मग ईशा केसकर आली, पुढे परत रसिका सुनील. ज्या बाईसाठी संसार मोडला तिचा चेहरा दोनदा बदलला आणि हा पठ्ठ्या एकदाही म्हणाला नाही, “शनाया, आज तू वेगळीच दिसतेस.”

शेवटी भाचीने नऊ आकड्यांची दुसरी पद्धत काढली. त्यात तो तीन की सात यावर ती स्वतःशीच भांडली आणि कागद बाजूला ठेवला.

आता आमच्या मंडळींची पाळी आली. मोठी आईचा पहिला प्रश्न होता, गुरूचा गण कोणता? पत्रिकेत गण तीनच: देव, मनुष्य, राक्षस. छत्तिसातले सहा गुण या एका खात्याचे. “राक्षसच,” ती म्हणाली, “देवगन असता तं मालिका पंधरा दिवसांत नसती आटोपली?” शेजारचे राईस मिलवाले भाऊ फराळाला बसले होते. त्यांच्याकडे चाळणी निराळी. माणसं तीन प्रकारची: तांदूळ, कणकी, कोंडा. गुरुनाथ कोंडा, हे त्यांनी चकली तोंडात असतानाच सांगून टाकलं. मग थोडं थांबून, व्यवहार आठवून म्हणाले, “पण कोंड्याचं बी तेल निघते जी.”

माझं मत समर्थांच्या बाजूने पडलं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास म्हणजे मूर्खलक्षणांची लांबलचक यादी. परस्त्रीवर प्रेम करणारा त्यात आहे, आपणच आपली स्तुती करणाराही आहे. गुरुनाथाचं नाव तेवढं लिहायचं राहिलंय. त्या यादीची खुबी अशी की त्यात समोरच्याला काही विचारत नाहीत. तो काय करतो ते बघायचं आणि खूण करायची. खोटारड्याला खोटं बोलायची संधीच नाही. त्याच दशकाच्या शेवटच्या समासात समर्थांनी पढतमूर्ख वेगळा काढून ठेवलाय. तो कोणासाठी, असं भाचीने विचारलं तेव्हा मोठी आईने तिच्या हातातल्या कागदांकडे बघून अनारसा पुढे केला.

मला स्वतःला वाटतं, या सगळ्या पद्धती गुरुनाथाच्या बाबतीत उगाच दमतात. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. वडशाच्या कंपन्यांची झाडीपट्टीची नाटकं लागतात, रात्री सुरू होतात ती पहाटेपर्यंत चालतात. तिथला खलनायक पहिल्या अंकात हसला की चादर पांघरून आडवी झालेली माणसंसुद्धा उठून बसतात. त्याचा टाईप काढायची कोणाला गरज पडत नाही. पण तो कितीही नालायक असो, उजाडायच्या आत त्याला एक तर शिक्षा व्हावी लागते नाहीतर पश्चात्ताप, कारण लोकांना सकाळी धान चुरायला जायचं असतं. गुरुनाथाच्या मागे असं कोणतंही धान नव्हतं. तो मंगळवारी सुधारला असता तर बुधवारी दाखवायचं काय? राधिका बदलू शकली. नागपूरची साधी गृहिणी, तिने मसाल्यांचा धंदा उभा केला, नवऱ्याला सोडलं, पुढे सौमित्रशी दुसरं लग्नही केलं. तिला बदलायला मोकळीक होती, कारण न बदलण्याची नोकरी गुरुनाथ करत होता. लोक त्याला स्वभाव म्हणतात. मला ती ड्युटी दिसते, आणि त्या माणसाने ती एक दिवस दांडी न मारता केली.



हे मी सांगितल्यावर भाची म्हणाली, “मामाजी, तुमचा टाईप मला कळला,” आणि कोणता ते सांगितलं नाही. उरलेला कोरा कागद तिने मोठी आईपुढे धरला. पहिला प्रश्न होता, चार लोकांत गेल्यावर तुम्हाला उत्साह येतो की थकवा?

“कोनाच्या लग्नात?” मोठी आईने विचारलं.

“असं नाही मोठी आई. एकूणात.”

“एकूनात मी कुठं जातच नाही. कोनाचं लग्न ते सांग, मंग सांगतो थकतो का नाही ते.”

भाचीने कागदावर बघितलं. तिथे दोनच चौकोन होते. “काहीतरी एक सांग ना,” ती काकुळतीला आली.

“त्या गुरूले विचार,” मोठी आई चष्मा काढत म्हणाली, “त्याले दोन्ही चालते.”