आंतरराष्ट्रीय बाजार कोणत्या वारी भरतो?

परवा मुंबईत आणखी एका किंगपिनच्या मुसक्या आवळल्या गेल्या. या शहरात एकूण किंगपिन किती, हे मोजणं मी केव्हाच सोडून दिलंय. दर पिनकोडामागे एक पडत असावा, असा आपला माझा अंदाज.

बातमी नेहमीचीच. खबऱ्याने खबर दिली, सापळा रचला, इसम संशयास्पदरीत्या फिरताना आढळला, झडतीत पांढरी पावडर मिळाली. फोटोही नेहमीचाच. टेबलावर पांढरी चादर, तीवर सत्यनारायणाच्या प्रसादाच्या मांडाव्यात तशा ओळीने पुड्या, शेजारी वजनकाटा आणि दोन मोबाइल. मागे बारा जण छाती काढून उभे. मधोमध तोंडावर काळं फडकं, पायात निळी स्लिपर असा किंगपिन. आणि वर मथळा : 'आंतरराष्ट्रीय बाजारात किंमत चार कोटी!'

माझं घोडं इथेच अडतं. हा आंतरराष्ट्रीय बाजार भरतो कुठे? आठवडी बाजार मला समजतो. गावाला आमचा मंगळवारी भरायचा. पण या बाजाराचा वार कोणता? तिथे तराजू कोण धरतं? भाव कोण पुकारतं? एका बातमीत किलोला एक कोटी असतात, पुढच्या महिन्यात दोन. मध्यंतरी तिकडे अवकाळी पाऊस झाला, की मालाची आवक घटली? बरं, हा माल कोणता? एमडी. म्हणजे मेफेड्रोन, पोरांच्या भाषेत म्याऊ म्याऊ. हा शिजतो आपल्याच राज्यातल्या एखाद्या बंद पडलेल्या केमिकल कंपनीच्या शेडमध्ये, येतो टेम्पोतून, खपतो स्टेशनाबाहेरच्या टपरीमागे आणि जातो आपल्याच पोरांच्या नाकात. त्याचा आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे मुलुंड चेकनाका ओलांडून मुंबईत येणं. तरी त्याची किंमत आंतरराष्ट्रीय! आणि आमचा कांदा? तो बिचारा खरोखर बोटीत बसून दुबईला, कोलंबोला जातो. त्याचा ढीग पांढऱ्या चादरीवर मांडून, मागे बारा जण उभे करून 'आंतरराष्ट्रीय बाजारात किंमत अमुक' असं कधी कुणी सांगितलंय? त्याला भाव लासलगावच्या लिलावाचा. तोही जरा चार पैशांनी चढला, की निर्यात बंद. म्हणजे पिकवावं तर असं काही पिकवावं, की जे पकडलं गेल्यावरच त्याला भाव मिळतो.

असो. कांद्याचं निघालं की माझा तोल जातो.

सांगायचं ते हे, की किंगपिन घडतो तो 'आंतरराष्ट्रीय बाजारात किंमत' या एका वाक्यात. आमच्या स्टेशनाबाहेरच्या शेठचंच बघा. आधी टपरी, मग बुलेट, मग मंडळाला टी-शर्ट, मग दहीहंडीला लाखाचं बक्षीस, मग फ्लेक्सवर 'आधारस्तंभ'. एवढ्या वर्षांत त्याला किंगपिन म्हणून कुणी हाक मारली नाही. टपरीमागे काय चालतं ते दूधवाल्याला ठाऊक, रिक्षावाल्याला ठाऊक, शाळेतल्या पोरांना ठाऊक. 'विश्वसनीय सूत्रां'ना तेवढं ठाऊक नव्हतं. अटकेच्या दिवशी सकाळी नऊला तो संशयित होता, बाराला तस्कर झाला आणि चारच्या पत्रकार परिषदेत किंगपिन. उदय आणि अस्त एकाच टेबलावर.

मजा अशी, की कायद्याला या चार कोटींशी काहीच देणंघेणं नाही. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. मेफेड्रोन त्याच्या कक्षेत आलं २०१५ साली. तिथे हिशेब रुपयांत नाही, ग्रॅममध्ये होतो. २ ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा. ५० ग्रॅमच्या पुढे व्यापारी मात्रा आणि १० ते २० वर्षांची सक्तमजुरी. दंड किमान १ लाख, म्हणजे शेठच्या एका दहीहंडीएवढा. कोर्ट बाजारभाव विचारत नाही. कोर्ट विचारतं, अंगझडतीआधी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क त्याला सांगितला होता का? कलम ५०. दंडाधिकाऱ्यासमोर नमुने काढले होते का? कलम ५२-अ. पंच कुठला? तर पंच म्हणतो, मी वडापाव खायला आलो होतो, सही कर म्हणाले, केली. झालं! पंच फितूर, पंचनामा पातळ, आणि चार कोटींचा किंगपिन संशयाचा फायदा घेऊन निळ्या स्लिपरमध्ये घरी. फोटोसाठी छाती काढून उभ्या राहिलेल्या बारांतल्या एकाने छाती थोडी आत घेऊन कागद नीट भरले असते, तर? पण कागदाचा फोटो छापून येत नाही ना.

सगळेच सुटतात असं नाही. काही आत जातात, राहतात. पण गादी कुणासाठी थांबत नाही. शेठ आत गेल्याच्या आठवड्यातच त्याच्या हाताखालचं पोरगं टपरीवर बसलं. फरक एवढाच पडला, की पुडी महागली. रिस्क वाढली म्हणे. किंगपिनच्या पतनाने बाजारात फक्त भाव वाढतो, आणि त्या बाजाराला कुठलीही आंतरराष्ट्रीय पाटी लावलेली नसते.

या पाटी नसलेल्या बाजाराचा भाव हवाय कुणाला? मी सांगतो. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा धाकटा सतरा वर्षांचा. ''दादा, पोरगं फोनवर म्याऊ म्याऊ म्हणायचं,'' मावशी कणीक मळता मळता म्हणाल्या, ''मला वाटलं, मांजर पाळतोय.'' आधी त्यांचा मोबाइल गेला. मग कानातली फुलं. मग एक दिवस शिजवायला घेतलं तर कुकर जागेवर नाही. पाच लिटरचा, थोरलीच्या लग्नात आलेला. भंगारवाल्याने दोनशे रुपये दिले होते. शिट्टी घरातच राहिली होती. ती त्यांनी डब्यात जपून ठेवलीय.

दोनशे रुपये. हा आकडा एकाही पत्रकार परिषदेत आला नाही. अशा किती कुकरांचे मिळून चार कोटी होतात, याचं गणित त्या टेबलावर कधी मांडलं गेलं नाही, कारण ते मांडलं तर मागे बारा जणांना खाली मान घालून उभं राहावं लागेल. आणि सकाळी चहाबरोबर 'चार कोटी' वाचून 'बापरे' म्हणणाऱ्या मला आणि तुम्हालाही.

मुद्देमाल जप्त झाला, पंचनामा झाला, फोटो छापून आला. कुकर अजून परत आलेला नाही. मावशी डाळ पातेल्यात शिजवतात. गॅस जास्त जातो, म्हणतात.