बिऱ्हाडाच्या पुरवणी मागण्या

महाराष्ट्रात बिऱ्हाड हलवण्याचा सगळ्यात दांडगा अनुभव कुणाला असेल, तर तो सरकारला. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात ठरलं की सरकारने वर्षातला काही काळ नागपुरात मुक्काम करायचा आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथे भरवायचं. 1960 साली राज्य झालं. तेव्हापासून, मधली काही वर्षं सोडली तर, डिसेंबर उजाडला की मुंबईहून फायली निघतात, फायलींमागे साहेब, साहेबांमागे पोलीस. मंत्र्यांच्या रविभवनाला रंग लागतो, आमदार निवासाचे नळ दुरुस्त होतात, आणि रंग पुरता वाळायच्या आत सगळे परत जातात. 2018 साली हौसेने पावसाळी अधिवेशनही नागपूरला नेलं. 6 जुलैला असा पाऊस कोसळला की विधानभवनाची वीज गेली आणि कामकाज तिथेच थांबलं.

तरीही या बिऱ्हाडाचं बजेट कधी कोलमडत नाही, कारण सरकारजवळ पुरवणी मागण्या नावाची सोय आहे. अंदाज चुकला की कबुली द्यायची नाही, मागणी मांडायची. डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात 55 हजार 520 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. ज्या घरात एवढी सोय आहे, त्या घराला काटकसर शिकवणारे आपण कोण?

आमच्या शेजारच्या काकांना मात्र ही सोय ठाऊक नव्हती. तुमसर तालुक्यातलं आमचं चिखला म्हणजे मँगनीजचं गाव. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही आणि खाणीशिवाय चिखल्याचं पान हलत नाही. काकांनी उभी नोकरी खाणीच्या वजनकाट्यावर काढली. भरल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा केलं की उरतं ते सत्य, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. निवृत्ती आली, क्वार्टर सोडायची वेळ आली, आणि पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितलं, ‘‘बाबा, आता इकडेच या.’’ त्याच रात्री काकांनी वहीवर रेघा मारल्या आणि बिऱ्हाडाचा अर्थसंकल्प तयार केला. एकूण 40 हजार. शिल्लक 2 हजार. काकूंनी वही पाहिली आणि परत दिली. संसदीय भाषेत याला विरोधकांचं सूचक मौन म्हणतात.

खाण कंपनीचे नियम कंपनीचे. पण प्रमाण म्हणून काकांनी केंद्र सरकारचा बदलीचा तक्ता समोर ठेवला. सातव्या वेतन आयोगाच्या मूळ तक्त्यात सहाव्या स्तरापासून वरच्या साहेबांना 6,000 किलो सामान आणि किलोमीटरला 50 रुपये. पाचव्या स्तराला 3,000 किलो आणि 25 रुपये. चौथ्या आणि त्याखालच्यांना 1,500 किलो आणि 15 रुपये. माणूस जितका वरचा तितकं त्याचं घर जड, हे सरकारने कोणत्या काट्यावर ताडलं कोण जाणे. साहेबाच्या घरी सोफा असतो, तो हवेशीर. खालच्या माणसाच्या घरी पाटा-वरवंटा, जातं, पितळी गुंड, धानाचा ढोला आणि लोखंडी पेटी. पण तक्ता म्हणतो हलका, तर हलका. शिवाय किलोमीटरला पंधरा रुपयांत भरलेला ट्रक नेणारा मालक कुठे मिळतो, हे तक्त्यात नाही. ते ज्याचं त्याने शोधायचं.

मग आले कोटेशनवाले. नागपूरच्या एकाने व्हिडिओ कॉलवर घर पाहिलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि आकडा. काकांचा जीव वरखाली झाला. ‘‘मोजलं नाही, तोललं नाही, आकडा कुठून काढला जी?’’

‘‘काकाजी, आमची नजरच काटा आहे. आणि आम्ही आयबीए अप्रूव्हड आहो.’’

आता हे आयबीए म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन. ट्रकने माल नेणाऱ्या काही वाहतूकदारांची यादी ती संस्था बँकांसाठी ठेवते. पण घरसामानवाल्यांच्या जाहिराती वाचल्या तर वाटावं, देशात त्या यादीबाहेर कुणी उरलेलाच नाही. दुसऱ्याने निम्मा भाव सांगितला आणि निम्मे पैसे आगाऊ मागितले. तिसऱ्याने विचारलं, ‘‘बिल केवढ्याचं पाहिजे?’’ काका म्हणाले, जेवढे पैसे तेवढ्याचं. त्याने फोन ठेवून दिला. असलं गिऱ्हाईक धंद्याला परवडत नसावं. बदलीच्या मोसमात सामान दोन पिशव्या आणि बिल सहा हजार किलोचं, असे हलकेफुलके संसार या देशात बरेच फिरत असतात.

बांधाबांध करून नेलं तर बिलावर 18 टक्के जीएसटी. काकांना धक्का बसला, पण लगेच दिलासाही मिळाला. माल वाहून न्यायला लागणारं ई-वे बिल वापरलेल्या घरगुती सामानाला माफ आहे. नियमात माफीची जी यादी आहे, तीत आणखी काय काय आहे? मोती, रत्नं, दागिने, पोवळं, चलनी नोटा. काकांनी ही यादी काकूंना मोठ्याने वाचून दाखवली. भंगारात काढलेलं तीन पायांचं स्टूल आणि कडी तुटलेला गंज सरकारने मोत्यांच्या पंक्तीला बसवला होता. काकू म्हणाल्या, ‘‘मंग भंगारात देऊन काहून राहिले जी?’’

पहिला सभात्याग इथे झाला.

काकूंचं माहेर बालाघाटकडचं. त्यांनी लक्षवेधी मांडली की पुण्याला सातशे-आठशे किलोमीटर जाण्यापेक्षा इथून हाकेवरच्या बालाघाटला का जाऊ नये? भाडं किती वाचेल! काकांनी रीतसर अभ्यास करून उत्तर दिलं. त्यांच्या मोटारसायकलची पाटी एमएच-36, म्हणजे भंडाऱ्याची. पुण्याला गेलं तर ती जन्मभर चालते. पण बावनथडी ओलांडून मध्य प्रदेशात बारा महिन्यांच्या वर ठेवली की भंडाऱ्याच्या आरटीओचं ना-हरकत, तिकडची नवी नोंदणी आणि तिकडचा रोड टॅक्स. जिथली हळद, जिथलं लुगडं, जिथली सोयरीक, ते परराज्य. आणि जिथे ‘काय करून राहिले’ म्हटलं की लोक वळून बघतात, ते आपलं. काकूंनी उत्तर असमाधानकारक असल्याची नोंद केली.

खरी खडाजंगी कूलरवरून झाली. विदर्भात कूलर ही वस्तू नसते, तो घरातला कर्ता पुरुष असतो. लोखंडी पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा, सुरू केला की शेजाऱ्यालाही झोप लागेल असा. मुलाने फोनवर निक्षून सांगितलं, ‘‘पुण्यात कूलर लागत नाही. आणि सोसायटी खिडकीत लावू देत नाही, इमारतीची दर्शनी बाजू बिघडते.’’ काकांनी कूलरचं वजन डोळ्यांनी जोखलं आणि खर्चात कपात सुचवली. काकू म्हणाल्या, ‘‘एप्रिलात सांगजो मले.’’ कूलर गावच्या भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने गेला. त्याची जागा ट्रकमध्ये चिन्नोर तांदळाच्या दोन पोत्यांनी घेतली. भंडाऱ्याच्या चिन्नोरला जीआय मानांकन आहे. पुण्याच्या दुकानात तो मिळणार नाही आणि मिळाला तर ओळख देणार नाही, हा मुद्दा मात्र सभागृहाने एकमताने मान्य केला.

ट्रक भरला. काका ड्रायव्हरशेजारी बसले आणि तुमसरला एका राईस मिलपाशी त्यांनी ट्रक धरमकाट्यावर चढवायला लावला. सकाळी रिकामा ट्रक त्यांनी तिथेच तोलून घेतला होता. वजाबाकी निघाली 2,140 किलो. काकांचा चेहरा उजळला. कोटेशनमध्ये तीन टन धरलं होतं! त्यांनी पावती हातात धरून नागपूरच्या त्या कोटेशनवाल्याला फोन लावला. पलीकडून शांत आवाज आला, ‘‘काकाजी, आमचं बिल किलोवर नाही, घनफुटावर आहे.’’ ज्या माणसाने हयातभर मँगनीज तोललं, त्याच्या हातावर शेवटी हवेचं बिल पडलं.

नागपूरहून समृद्धी महामार्ग धरला. 701 किलोमीटरचा हा रस्ता जून 2025 मध्ये मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण झाला. त्यावर माणूस लवकर पोचतो. टोल तर त्याच्याही आधी पोचतो. वेळ वाचला खरा, पण तो पुण्यात उपयोगी पडला नाही. सोसायटीचा नियम असा की सामानाची लिफ्ट सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, रविवारी बंद, आणि लिफ्टसाठी अनामत वेगळी. ट्रक पोचला शनिवारी संध्याकाळी सहाला.

फाटकावर चारजण उभे. ‘‘इथला माल आम्हीच उतरवतो. वाराई द्या.’’ 1969 चा माथाडी कायदा हमालाच्या पाठीला आणि पोटाला आधार म्हणून आला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली चळवळ होती. कायद्यातला हमाल ओझं उचलतो. फाटकावरच्या चौघांनी फक्त आवाज उचलला, आणि पैसे घेऊन गेले. ओझं काका, मुलगा आणि वॉचमन यांनी उचललं.

पण या सगळ्या किरकोळ मागण्या. मोठी मागणी वहीत कुठेच नव्हती. आई-बाबा येणार म्हणून मुलाने एका खोलीचं घर सोडून दोन खोल्यांचं भाड्याने घेतलं होतं. त्याची अनामत, दलालाचं एक महिन्याचं भाडं, अकरा महिन्यांचा करार, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, हजार रुपये नोंदणी, पोलिसांकडे भाडेकरू म्हणून माहिती. चिखल्यात ज्यांना वस्तीतला कुत्राही ओळखत होता, त्यांची पुण्यात पडताळणी सुरू झाली. शहर माणसाला ट्रकच्या भाड्यात लुटत नाही. ट्रक निघून गेल्यावर, दर महिन्याच्या पाच तारखेला, सावकाश लुटतं. अंगण, आंब्याची सावली, गॅलरीभर लाकडं, पाहुण्यांची बाज टाकायला वऱ्हांडा, हे सगळं चिखल्यात फुकट होतं, म्हणून त्याची किंमत वहीत लिहिली गेली नाही. पुण्यात त्यातल्या प्रत्येकाला चौरस फुटाचा दर होता.

एप्रिल आला. पुण्याचा पारा चाळिशीला टेकला. वरचा मजला, वर तापलेला स्लॅब, समोर सोसायटीची अबाधित दर्शनी बाजू. तिसऱ्या रात्री काकू काही बोलल्या नाहीत, नुसता पदराने वारा घेत राहिल्या. चौथ्या दिवशी मुलाने एसी आणला. एसी, बसवण्याची मजुरी, स्टॅबिलायझर आणि पुढच्या महिन्याचं वीजबिल मिळून ट्रकच्या भाड्याला मागे टाकून गेलं.

काकांनी वही काढली. बराच वेळ विचार केला. एसीच्या बिलावर किलो नव्हते, किलोमीटर नव्हते, घनफूटही नव्हते. म्हणजे तो बिऱ्हाडाचा खर्च नव्हे, घरखर्च. घराची अनामत कधीतरी परत मिळणार, म्हणजे तीही खर्च नव्हे, गुंतवणूक. दलाली मुलाने दिली, ती त्याच्या खात्यात. वाराईची पावती नव्हती, म्हणजे ती दिलीच नव्हती. भंगारवाल्याने कूलरचे दिलेले पैसे मात्र जमेच्या बाजूला ठळक अक्षरात आले. खाली दोन रेघा मारून काकांनी बेरीज केली: बिऱ्हाडाचा अर्थसंकल्प शिलकी.