हाफ इंजिन

आमच्या सोसायटीत त्यांना ‘हाफ इंजिन’ म्हणतात. गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन म्हणजे खालच्या क्रँकला हात न लावता वरचा मजला उघडायचा: हेड, ब्लॉक, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह. गृहस्थ नोकरीला बँकेत, पण कर्ज बुडवणाऱ्यापेक्षा ऑइल पिणाऱ्या गाडीवर त्यांचा राग जास्त.

त्यांची स्वतःची गाडी हिरोची इम्पल्स, 2011 साली आलेली, दीडशे सीसीची, सायकलवर बसलेल्या उंटासारखी उंच. उन्हाळ्यात ती सासवडकडच्या माळावर धूळ खाते, पावसाळ्यात ताम्हिणीच्या चिखलात लोळते आणि एरवी पार्किंगमध्ये निळा धूर सोडते.

माणसांकडेही ते इंजिन म्हणूनच बघतात. तळमजल्यावरचे आजोबा दोन पायऱ्यांत धापा टाकू लागले की हे हळूच म्हणतात, “कॉम्प्रेशन गेलंय.” आजोबांचं नशीब एवढंच, की पुढची तपासणी माणसावर करता येत नाही. गाडीत प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल ओततात. त्यानं दाब वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा.

यंदा दाब वाढला. रविवारी सकाळी सातला हेड उतरलं. सुटे भाग मिसळू नयेत म्हणून ते वहिनींच्या इडलीपात्रात मांडलेले. पहिल्या खळग्यात टॅपेटचे नट, दुसऱ्यात व्हॉल्व्हचे लॉक. वरून वहिनींचा आवाज आला, “अहो, पीठ आंबलंय!” हे म्हणाले, “आज पोळीभाजी कर.”

ब्लॉक टॉवेलात गुंडाळून, जावळाला निघालेल्या बाळासारखा मांडीवर घेऊन ते रिक्षानं नाना पेठेत गेले. लेथवाल्यानं आत बोट फिरवलं आणि म्हणाला, “पंचवीसवर भागत नाही, पन्नास करा.” म्हणजे 0.25 नव्हे, 0.50 मिलिमीटर मोठा पिस्टन. त्या पाव मिलिमीटरचं दुःख ते चार दिवस सांगत होते.

पुढच्या रविवारी जोडणी. गजन पिनचं लॉक बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबायचंच, नाहीतर लॉक निसटून आत पडतं, हे त्यांनी मला दहा मिनिटं समजावलं. नीट समजावं म्हणून फडकं बाहेर काढून दाखवलं. तेवढ्यात ‘टिंग’ असा आवाज झाला. त्यानंतर ते बराच वेळ बोलले नाहीत, हा सोसायटीच्या इतिहासातला विक्रम.

शेवटी वहिनीच खाली आल्या. फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट दोऱ्याला बांधून त्यांनी विहिरीत गळ सोडावा तसं आत सोडलं. तिसऱ्या खेपेला बाप्पा पोटाला लॉक चिकटवून वर आले.

मग सगळं शास्त्राप्रमाणे झालं. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ न देता फिरवून ठेवली, फ्लायव्हीलची टी खूण जुळवली, हेडचे नट फुलीफुलीनं, थोडे थोडे आवळले. संध्याकाळी किक मारली आणि गाडी धुराचा ठिपका न सोडता गुणगुणली. आजोबांनीसुद्धा गॅलरीतून टाळ्या वाजवल्या.

न राहवून मी विचारलं, “पण रिंगा इतक्या लवकर झिजल्या कशानं?”

“धूळ. बारीक धूळ आत गेली की सिलिंडर पॉलिश पेपरसारखी घासते.”

“मग एअर फिल्टर कधी बदललात?”

ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, “फिल्टर? त्यात करण्यासारखं काय आहे? दहा मिनिटांत संपतं!”

परवा वहिनींनी नवं इडलीपात्र आणलं. जुनं आता पार्किंगमध्येच असतं. फिल्टरही जुनाच आहे.