फोडणी यंत्राबाहेर

यंत्र एकटं येत नाही. पूर्वी नवरीबरोबर पाठराखीण यायची, तसा फ्रीझ ड्रायरबरोबर पंप येतो, आणि आल्या दिवसापासून घरातल्या कुठल्याही बोलण्यात स्वतःचा आवाज मिसळत राहतो. माझी भाची युटात, सॉल्ट लेक सिटीच्या उत्तरेला राहते. तिच्या गॅरेजमध्ये या जोडीला जागा करून देण्यासाठी मोटार बाहेर गेली. हिवाळ्यात मोटार बर्फात आणि वरणभात गॅरेजात, ही व्यवस्था जावईबापूंनी मान्य केलेली आहे. मान्य केलेली म्हणजे, ते त्याबद्दल बोलत नाहीत.

यंत्राचं काम ऐकायला सोपं: अन्नातलं पाणी काढून घ्यायचं. ते तर ऊनही करतं. पण ऊन पाणी काढतं तेव्हा पदार्थ आक्रसतो, काळवंडतो, चिवट होतो. इथे आधी पदार्थ उणे तीस-चाळीस अंशांपर्यंत गोठवतात आणि मग पंप आतली हवा ओढून घेतो. दाब बाहेरच्या हवेच्या १६५व्या हिश्श्याखाली उतरला की पाण्याला पाणी म्हणून राहण्याची सोयच उरत नाही; बर्फ वितळायच्या भानगडीत न पडता थेट वाफ होतो. यंत्र तर त्याहूनही पुष्कळ खाली उतरतं. मग ताटं हळूहळू उबदार करायची. निघालेली वाफ यंत्राच्या गार भिंतींवर जाऊन पुन्हा बर्फ होऊन बसते. चोवीस ते चाळीस तासांनी दार उघडलं की स्ट्रॉबेरीचा आकार तोच, रंग तोच, वजन मात्र दहाव्या हिश्श्याइतकं. हातात घेतली तरी हात रिकामाच वाटतो.

खर्चाचं म्हणाल, तर दुकानात सांगतात ती फक्त यंत्राची किंमत, आणि तीच काही हजार डॉलर असते. पुढचं घरी आल्यावर कळतं. विजेची वेगळी लाईन लागते. पन्नासेक किलोंचा ऐवज पेलणारं भक्कम टेबल लागतं. ताटं आधीच गोठवून ठेवली तर यंत्राचे तास वाचतात, म्हणून एक निराळा डीप फ्रीझर लागतो; आणि एक घाणा आत असताना दुसरा गोठत असावा म्हणून ताटांचा आणखी एक संच, त्यांची झाकणं, ताटात घालायच्या सिलिकॉनच्या चटया, नाहीतर बटर पेपर. पदार्थ खरोखर सुकला का हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून ताट वजन करून परत आत ठेवायचं, दोन तासांनी पुन्हा तोलायचं. वजन तेवढंच भरलं तर सुकला. त्यासाठी काटा. या सगळ्या यादीत मला ओळखीची वस्तू एकच सापडली: बादली. शेवटी भिंतीवरचा बर्फ वितळवतात, त्याचं पाणी नळीतून तिच्यात येतं.

त्या नळीची तोटी पुढच्या घाण्याआधी बंद करायची असते. ती उघडी राहिली तर पंप बाहेरचीच हवा ओढत बसतो आणि दाब काही उतरत नाही. भाचीने यंत्राच्या दारावर कागद चिकटवलाय: ‘तोटी???’ तीन प्रश्नचिन्हांवरून मागचा इतिहास लक्षात येतो.

पण खरी सेवा पंपाची. जुन्या पद्धतीचे पंप तेलावर चालतात. सगळी वाफ काही भिंतीवर थांबत नाही. थोडी निसटून पंपात जाते आणि तेल दुधाळ होतं. मग ते काढायचं, गाळायचं, परत भरायचं. फार खराब झालं तर नवं घालायचं. तळणीचं तेल गाळून डब्यात ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला हे जमायला वेळ लागला नाही. फरक एवढाच, की तळणीच्या तेलाचे चोचले कुणी केले नाहीत. इथे तेलाची वही आहे. कुठल्या तारखेला बदललं, किती घाणे झाले, रंग कसा होता. आता बिनतेलाचे पंपही मिळतात, चांगले महाग. तो घ्यायचा का, ही चर्चा त्या घरात बऱ्याच दिवसांपासून चालू आहे आणि पंप चालू असल्यामुळे ती मोठ्याने करावी लागते.

पाणी गेलं तरी हवा आहेच. कोरडा झालेला पदार्थ ओलीसाठी हपापलेला असतो. जुलैतल्या मुंबईत ताट बाहेर काढून कुणाशी दोन शब्द बोलत उभं राहिलात, तर तेवढ्यात तो सादळायला लागेल. म्हणून पिशव्या येतात, आतून अॅल्युमिनियमचा थर असलेल्या, जाड, उजेडही आत न जाऊ देणाऱ्या. पिशवीत एक पुडी टाकायची. बुटांच्या खोक्यात असते ती पुडी निराळी, ती ओल शोषते. या पुडीत लोखंडाची पूड असते. ती गंजते आणि गंजताना पिशवीतला प्राणवायू संपवते. मुद्दाम पैसे देऊन गंज विकत आणणारं कुटुंब मी तोवर पाहिलं नव्हतं. गंमत अशी, की पुड्यांचं पाकीट एकदा फोडलं की त्या खोलीतल्याच हवेवर गंजायला लागतात. त्यामुळे भरणीच्या वेळी घरात आणीबाणी असते. दाराची बेल वाजली तर वाजू द्यायची. “मावशी, आत्ता काही विचारू नकोस गं!” हे वाक्य मला त्या अर्ध्या तासात वरचेवर ऐकू येतं. उरलेल्या पुड्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत जातात. पिशवीचं तोंड बंद करायला तापणारी पट्टी असलेलं यंत्र आहे, आणि ते बिघडलंच तर कपड्यांच्या इस्त्रीनेही चालतं. आमच्याकडे हेच काम मेणबत्ती आणि करवतीचं पातं करत असे.

अशी बंद केलेली पिशवी २५ वर्षं टिकते म्हणतात. युटात हा आकडा ऐकून कुणी दचकत नाही. लेटर-डे सेंट्स पंथाच्या लोकांची तिथे मोठी वस्ती, आणि घरात महिनोन्‌महिने पुरेल एवढा शिधा साठवणं ही त्यांची जुनी रीत. तळघरात गव्हाच्या बादल्या नीट रचलेल्या असतात. घरगुती फ्रीझ ड्रायर बनवणारी सगळ्यांत नावाजलेली कंपनीही त्याच राज्यातली, हा योगायोग नव्हे. योगायोग वाटला तो हवेचा. अमेरिकेतल्या अगदी कोरड्या राज्यांपैकी हे एक. उन्हाळ्यात तिथे अंगणात कुरडया घातल्या तर संध्याकाळपर्यंत खडखडीत होतील, आणि जानेवारीत बाहेर टाकलेले कपडे आधी गोठून फळ्या होतात आणि मग गोठल्या गोठल्या वाळतात. उघड्यावर, फुकट, बिनपंपाचं हेच काम हवा करते आणि लोक गॅरेजात पंप लावून बसलेत.

हवेवर विसंबून हे काम करणारे लोक आहेतही. पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज पठारावर, जवळजवळ ३,८०० मीटर उंचीवर, जून-जुलैच्या कडाक्यात बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. रात्री गोठतात, दिवसा उन्हात सुटतात, मग बायकापुरुष अनवाणी पायांनी ते तुडवून पाणी काढतात आणि पुन्हा पसरतात. याला ‘चुन्यो’ म्हणतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. इंका राजांच्या कोठारांत तो भरलेला असे. सामग्रीची यादी: थंडी, ऊन, पाय. भाचीला मी ही यादी सांगितली तेव्हा ती म्हणाली, “आणि वेळ? तो लिहिलाच नाहीस.” मुलगी बरोबर बोलते.

माझा यंत्रावर राग नाही. आंबा त्यातून इतका कुरकुरीत निघतो की आंबापोळीला अपमान वाटावा. दह्याचे थेंब नातवंडं मूठमूठ खातात. रंगीत गोळ्या आत टाकल्या तर फुगून टम्म होतात, तोही उद्योग मुलांनी करून झालाय. पण मराठी स्वयंपाकाशी या यंत्राचं मुळातच वाकडं आहे. ते पाणी काढतं, स्निग्ध काही काढू शकत नाही. तुपात पाणी नाही, मग काढणार काय? तूप, शेंगदाण्याचं कूट, खोबरं, तेलाची तर्री यातलं काहीही भरपूर असलं तर पदार्थ नीट सुकत नाही आणि पिशवीत पुढे खवट होतो. मधाचंही तेच, तो चिकटच राहतो. म्हणजे आपल्या जेवणातून तेल, तूप, कूट आणि खोबरं वजा करा. उरेल ते यंत्राला चालतं. उरतं ते तापातून उठलेल्या माणसाचं पथ्य.

भाचीने यातून मार्ग काढलाय. साधं वरण, हळद-हिंग-मीठ एवढंच घातलेलं, ती ताटात ओतते. दुसऱ्या दिवशी पिवळे, हलके पापुद्रे निघतात. ऑफिसात रात्री उशीर झाला की त्यावर उकळतं पाणी, आणि पाचेक मिनिटांत वरण. मग ती कढलं गॅसवर ठेवते. मोहरी, जिरं, लसूण, कढीपत्ता. हे काही तिने अजून कुठल्या पिशवीत भरलेलं नाही, भरता येणारही नाही. २५ वर्षांनंतर कुणी ते वरण उघडेल, त्यालाही तेल तापवावंच लागेल.

पण कोण उघडेल? चैत्रात घातलेल्या पापडांना पुढचा चैत्र गाठायचा असतो, तोही बहुतेकदा जमत नाही. गौरीगणपतीतच डबा तळाला जातो. टिकवण्याची आमची कल्पना एका पावसाळ्यापलीकडे जात नाही. तिथे शेजारची आजी ऐंशीच्या पुढची, भाचीकडे ऑगस्टभर तिच्या बागेतली झुकिनी घेऊन येते, कारण यंत्र एकीचं असलं तरी घाणे गल्लीचे आहेत. तिने माझ्यासमोर पिशवी बंद केली, मार्करने तारीख लिहिली, खाली २५ वर्षांपुढचं सालही लिहिलं, हात न अडखळता. मी विचारलं, हे सगळं खाणार कोण?

“ते मला काय माहीत?” ती म्हणाली. “मला झुकिनी मुळीच आवडत नाही.” आणि वाकून पंपाच्या काचेत पाहत भाचीला बजावलं, की तेल गढूळ झालंय, उद्याचा घाणा लावायच्या आधी बदल.