लॅनवाले नाना

वास्तुशांतीला आलेली माणसं आधी देवाला हात जोडतात, मग फरशीचं कौतुक करतात. नाना थेट भिंतीतल्या बोर्डाशी उकिडवे बसतात. "लॅनचा पाइप वेगळा टाकलाय ना? का लाइटच्या वायरीतच कोंबलीय?" यजमान सुताराकडे बघतो, सुतार पीओपीवाल्याकडे, पीओपीवाला छताकडे. नानांना उत्तर मिळालेलं असतं.

त्यांचं पंचांगसुद्धा इथरनेटचं. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफनी २२ मे १९७३ला इथरनेटचा मेमो लिहिला, तो यांचा पाडवा. थोरली लेक टेन-बेस-टीच्या साली, १९९०ला झाली. धाकटा फास्ट इथरनेटच्या, १९९५ला. मुलांची वयं विचारलीत, तर आधी स्पीड सांगतील.

जुन्या बारीक कोएक्सवर मात्र त्यांचा अजून राग आहे. "नाव टेन-बेस-टू. दोन म्हणजे दोनशे मीटर वाटेल ना? हातात येणार १८५! आणि शेवटच्या टेबलावरचा टर्मिनेटर कुणी उपटला, की अख्खा मजला आडवा!"

निदान ते फोनवरच करतात. "नाना, ३०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलंय, पण ९४च्या वर जातच नाही."

"मोडेमला शिव्या देऊ नका. आठातली एखादी वायर तुटलीय. शंभराचं काम चार वायरींत भागतं, गिगाबिटला आठही लागतात. नवीन जॅक मारा."

हाताखालच्या पोरांचे हाल याहून वाईट. परवा एकानं जॅक मारला: नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी, तपकिरीची जोडी. दोन्ही टोकांना तोच क्रम. टेस्टर लावला, एक ते आठ दिवे ओळीनं लागले. पोरगं खूश.

"दिवे लागले म्हणून दिवाळी झाली का रे? तीन आणि सहा नंबर एकाच जोडीतले लागतात. तू तीनला पांढरा-हिरवा घातलास आणि सहाला निळा. एकमेकांभोवती पीळ नाही, मग बाहेरचा गोंगाट मारणार कोण? टेस्टरला पीळ दिसत नाही, मला दिसतो."

कचकन जॅक कापला. वरचं आवरण सोललं, पीळ अर्धाच इंच सोडवला, आणि नाना पुटपुटू लागले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही टोकं एका रेषेत छाटली, जॅकमध्ये सरकवली, उजेडाला धरून पुढची तांबडी टोकं मोजली आणि मगच टूल दाबलं. एवढा वेळ पोरानं श्वाससुद्धा घेतला नाही.

मध्यंतरी एका साहेबांनी फर्मावलं, "आमचं नवं ऑफिस पूर्ण वायरलेस हवं." नानांनी कोटेशन दिलं. पहिलीच ओळ: कॅट सिक्स ए केबल, ३०५ मीटरचे ३ बॉक्स.

"अहो नाना, वायरलेस म्हणालो होतो मी!"

"वायरलेसचंच आहे हे. छतावरचे वायफायचे डबे काय हवा खाऊन चालतात? डेटा केबलमधून आणि करंटही त्याच केबलमधून. २००३पासूनचं स्टँडर्ड आहे, साहेब."

साहेबांनी मुकाट्यानं सही केली. नानांनी खिशातून फोन काढून क्यूआर कोड पुढे धरला.

"ॲडव्हान्स तेवढा वायरलेस चालेल."