काका किल्ली देत नाहीत

सातपूर एमआयडीसीत गेटवरचे वॉचमनकाका रजिस्टर पुढे सरकवतात. नावाच्या रकान्यात कुणी 'पाटील, आणि गोदामाची किल्ली द्या' असं लिहिलं, तर काका चष्म्यावरून बघतील. किल्ली काही देणार नाहीत. डेटाबेस देतो. नावाच्या जागी एक अवतरणचिन्ह टाका, पुढे 'किंवा १ = १' जोडा. एक बरोबर एक, हे त्याला लगेच पटतं आणि दार उघडतं. हेच एसक्यूएल इंजेक्शन. १९९८ पासून जगाला ठाऊक आहे, उपायही माहीत आहे: हुकूम आधी पक्का करायचा, नाव नंतर वेगळं द्यायचं.

तरी भोकं राहतातच. ओपन सोर्सचं तर विचारूच नका. कोड सगळ्यांसमोर उघडा, म्हणजे कुणीतरी वाचलाच असेल, असं प्रत्येकजण धरून चालतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये वेबसाइट बनवायच्या ड्रुपल ७ या ओपन सोर्स प्रणालीतलं भोक उघड झालं, ते नेमकं अशी घुसखोरी अडवायला लिहिलेल्या भागात. कुंपणानेच शेत खाल्लं! दुरुस्ती जाहीर झाल्यापासून सात तासांत ती बसवली नसेल, तर साइट गेलीच समजा, असं खुद्द ड्रुपलवाल्यांनी बजावलं.

सात तास? आमच्याकडे नुसता पासवर्ड बदलायचा, तरी साहेब दौऱ्यावरून परत यावे लागतात.