सन्माननीय सवलतदात्यास

प्रति,
मा. विपणन प्रमुख,
मुंबई-पुणे रस्त्यालगतचे एक वॉटर पार्क
(नाव लिहीत नाही. फुकट जाहिरातीची योजना सध्या बंद आहे.)

विषय : सैनिक, शिक्षक व फर्स्ट रिस्पॉन्डर यांना तिकिटात दिलेल्या सवलतीबद्दल आभार मानण्याबाबत.

महोदय,

हायवेवरच्या तुमच्या फलकाने आमचं अख्खं घर गहिवरलं. ‘देशाच्या खऱ्या हिरोंना सलाम!’ फलकावर एक जवान, खडू घेतलेल्या एक बाई, हेल्मेट घालून पाण्याचा पाइप धरलेला एक गडी, आणि तिघांच्या मागे निळी घसरगुंडी. योगायोग बघा, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नवरा नगरपालिकेच्या अग्निशमन दलात आणि धाकटा भाऊ सैन्यात, मे महिन्यात रजेवर आलेला. तुमच्या फलकावरचं चित्र त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलं होतं. मुलं म्हणाली, जाऊया. गेलो.

फलकाच्या कोपऱ्यात एक छोटा तारा होता. गाडी ऐंशीच्या वेगात असताना तो दिसत नाही. तिकीट खिडकीवर मात्र त्याचं पूर्ण दर्शन झालं. सवलत दहा टक्के. सोमवार ते गुरुवार. 15 एप्रिल ते 15 जून या काळात लागू नाही. शासकीय सुट्टीच्या दिवशी लागू नाही. फक्त खिडकीवर, ऑनलाइन नाही. मूळ ओळखपत्र आणि त्याची छायाप्रत सक्तीची. सवलत त्या व्यक्तीपुरती, कुटुंबाला नाही. आणि अन्य कोणत्याही सवलतीबरोबर एकत्र करता येणार नाही.

साहेब, उत्तरपत्रिका तपासण्यात माझी उमर गेली, पण इतकं निर्दोष उत्तर क्वचित हाती येतं. शिक्षकाला मे महिन्यात सुट्टी असते हे माझ्या पहिलीच्या पोरांनाही ठाऊक आहे. शाळा भरते जूनच्या मध्यावर. म्हणजे इकडे शाळेची घंटा झाली की तिकडे तुमची सवलत सुरू, आणि तीही सोमवार ते गुरुवार, भर तासांच्या वेळेत. याला योगायोग म्हणायचं माझं धाडस होत नाही, यामागे कुणीतरी कॅलेंडर घेऊन बसलेलं आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा तिथल्या गुरुजींना आठ-पंधरा दिवस खरोखरची सवलत मिळते, हे मान्य. त्यांनी फक्त सात-आठशे किलोमीटर यायचं आहे.

आता गणित. हजाराच्या तिकिटावर शंभर रुपये सूट. त्यावरचा 18 टक्के जीएसटी वाचतो तो धरून 118 रुपये. आत पाऊल टाकलं की नायलॉनचा पोशाख सक्तीचा, त्याचं भाडं 150. लॉकर वेगळा. घरची पोळी-भाजी फाटकावर काढून ठेवायची आणि आतला वडापाव तुमच्या भावाने घ्यायचा. यातल्या कशावरही हिरोपणाचा परिणाम होत नाही. तरी मी तक्रार केली नसती. पण शेजारच्याच पोस्टरवर लिहिलं होतं की दोन दिवस आधी ऑनलाइन तिकीट काढणाऱ्या कुणालाही पंधरा टक्के सूट. कुणालाही! सीमेवर उभं राहण्याची, जळत्या इमारतीत शिरण्याची, एका खोलीत दोन वर्ग सांभाळण्याची गरज नाही. मोबाइल असला की पुरे. शौर्यापेक्षा वायफायला तुमच्याकडे पाच टक्के अधिक मान आहे.

अजून एक बारीकसा मुद्दा. वॉटर पार्कवरचा जीएसटी 2017 साली 28 टक्के होता, तो जानेवारी 2018 मध्ये 18 वर आला. तेव्हा दर किती उतरले याचा हिशोब मी मागत नाही. पण सरकारने सरसकट सगळ्यांसाठी जे दहा टक्के कमी केले, तेवढेच तुम्ही आता हिरोंना मोजून देता आणि वर सलाम ठोकता, याचं कौतुक वाटतं.

खिडकीमागच्या मुलाने आम्हाला निराश केलं नाही म्हणा. मे संपला की ‘विशेष दिन’ बघा, म्हणाला, आणि तक्ता दाखवला. तो तक्ता तुमच्या कारकिर्दीतली सर्वोत्तम कृती आहे. सैनिकांना 15 जानेवारीला, सैन्यदिनी, निम्मा दर. जानेवारीत खोपोलीच्या वाऱ्यात सकाळी दहाला ओलं होण्यासाठी सैनिकच हवा, हे खरं. शिक्षकांना 5 सप्टेंबरला; त्या दिवशी शाळेत मुलं शिक्षक होतात आणि आम्ही शेवटच्या बाकावर बसून त्यांचे पाठ ऐकतो, तेव्हा गैरहजर राहिलेलं गावाला चालत नाही. आणि अग्निशमन दलाला 14 एप्रिलला.

14 एप्रिलबद्दल थोडं सांगते, कारण तक्ता करणाऱ्याला ते माहीत असेल असं वाटत नाही. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावर दारूगोळ्याचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेल्या मुंबई अग्निशमन दलाची 66 माणसं त्यात गेली. म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि तिथून 20 तारखेपर्यंत सप्ताह चालतो. त्या आठवड्यात रजा मागायची सोय नसते. सकाळी मानवंदना, मग संचलन, मग कुठल्या तरी सोसायटीत जाऊन पेटलेला सिलिंडर ओल्या गोणपाटाने कसा विझवायचा ते दाखवायचं, आणि मध्येच खरी आग लागली तर तिकडे पळायचं. वर्षातला नेमका हाच दिवस तुम्ही माझ्या नवऱ्याला पाण्यात डुंबायला निवडलात. शिवाय 14 एप्रिलला आंबेडकर जयंतीची शासकीय सुट्टी असते, आणि तुमच्याच अटीप्रमाणे शासकीय सुट्टीला सवलत नाही. हे मी खिडकीतल्या मुलाला दाखवलं. त्याने तक्ता दोनदा वाचला आणि ‘मॅडम, हे वरून आलंय’ म्हणाला. म्हणून हे पत्र वर पाठवते आहे.

तक्त्यात 26 जुलैही आहे. कारगिल विजय दिन, जवानांना प्रवेश मोफत. भावाची रजा तोवर संपलेली असते, ते सोडा. पण 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला होता. त्याच तारखेला मुंबईकराला पाण्यात खेळायला बोलावणं, याला छाती लागते.

ओळखपत्राकडे येते. भावाने कार्ड दाखवलं. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, छायाप्रत नसेल तर फोटो काढून ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. भाऊ म्हणाला, कार्ड बघा, नंबर बघा, पण फोटो नाही. जवानाने आपलं ओळखपत्र अनोळखी ग्रुपवर फिरू देऊ नये, एवढी सावधगिरी त्याला शिकवलेली आहे. रखवालदाराने त्याच्याकडे ज्या संशयाने पाहिलं, तो संशय भावाने आयुष्यात पहिल्यांदाच समोरून अनुभवला असावा. माझं माहेर साताऱ्याकडचं, अपशिंगे गावाजवळचं. त्या गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावाची 46 माणसं कामी आली. तिथे घरटी एखादं तरी असं कार्ड निघेल. तुमची योजना एवढी मनापासून असेल तर एका गुरुवारी सगळ्या गावाला एसटी करून घेऊन येऊ का? छायाप्रतींचा खर्च गाव करील.

आमच्यासोबत शेजारचा मुलगाही होता, 108 ची रुग्णवाहिका चालवतो. 2014 पासून महाराष्ट्रात ही सेवा चालते, 937 गाड्यांनिशी सुरू झाली. रात्री दोनला घाटात अपघात झाला की पहिल्या पोचणाऱ्यांत तो असतो. फर्स्ट रिस्पॉन्डर या शब्दाला याहून लायक माणूस मला दाखवा. पण त्याचं कार्ड ठेकेदार कंपनीचं, आणि तुम्हाला हवं ‘शासकीय’. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रच्या पोरांचं काय करणार? दरीत पडलेल्यांना दोरावरून वर काढतात, पगार नाही आणि शासकीय शिक्काही नाही. माझ्या शाळेतली शिक्षणसेवक मुलगी तर यादीतच बसली नाही, तुमच्या लोकांना ‘कायम’ शिक्षक हवेत. तिचं मानधन 2023 मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झालं. तिला 118 रुपयांची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते.

आणि हो, शिक्षकाला तुमच्याकडे पूर्ण मोफत प्रवेश मिळतो, हे मी विसरलेले नाही. सहल घेऊन या, तीस मुलांमागे एक शिक्षक फुकट. दिवसभर काठावर कोरडं उभं राहून तीस डोकी मोजत बसायचं. याला सवलत म्हणतात हे मला माहीत नव्हतं, आम्ही त्याला ड्युटी म्हणतो.

हे सगळं तुम्ही अमेरिकेतून आणलंत, हे दिसतंच. तिथे सीवर्ल्ड कंपनीची ‘वेव्ह्ज ऑफ ऑनर’ नावाची योजना आहे. सेवेतल्या सैनिकाला वर्षातून एकदा मोफत प्रवेश आणि सोबत घरच्या तिघांनाही. सीवर्ल्डच्या संस्थापकांपैकी एक जॉर्ज मिले, त्यानेच 1977 साली ऑर्लँडोत ‘वेट अँड वाइल्ड’ काढलं, जिथून आजच्या वॉटर पार्कांचा धंदा सुरू झाला असं मानतात. तिथली कंपनीही नफ्यासाठीच चालते, ते काही धर्मादाय खातं नाही. पण एवढं त्यांना समजतं की सैनिक एकटा घसरगुंडीवर बसत नाही, त्याला बायको असते, पोरं असतात. तुम्ही तिथून फलक आणलात, घरची माणसं विमानतळावरच सोडून आलात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते. आम्ही रांगेत होतो, पूर्ण दराच्या. शेजारी एक दुसरी खिडकी होती, तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं आणि तिथे रांगही नव्हती. दोन मोठ्या गाड्या आल्या. कुणी उतरून नुसतं नाव सांगितलं, आतून पट्ट्यांचा गठ्ठा बाहेर आला, मनगटाला बांधायच्या, रंग सोनेरी. ओळखपत्र नाही, छायाप्रत नाही, मे महिना आडवा आला नाही. मी मास्तरीण आहे, विचारायची सवय जात नाही. खिडकीतला मुलगा हळूच म्हणाला, ‘साहेब लोकांचे कॉम्प्लिमेंटरी असतात, परवानगी, पाणी, लाइट, सगळं त्यांच्याकडे असतं ना.’

तुमचं दरपत्रक मला त्या क्षणी पूर्ण कळलं. जो तुम्हाला बुडताना वाचवू शकतो त्याला दहा टक्के, अटींसह. जो तुम्हाला टाळं लावू शकतो त्याला शंभर टक्के, विनाअट.

ही रीत तुमची एकट्याची नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या श्लिटरबान वॉटर पार्कात 7 ऑगस्ट 2016 रोजी लोकप्रतिनिधींचा खास दिवस होता, आमदार आणि त्यांच्या कुटुंबीयांना प्रवेश मोफत. तिथे ‘फेरुक्ट’ नावाची 168 फुटांची घसरगुंडी होती, जगातली सर्वांत उंच म्हणून मिरवलेली. त्या दिवशी तिच्यावर एका आमदाराचा दहा वर्षांचा मुलगा दगावला. त्या राज्यात तोवर अशा राइडची तपासणी बऱ्याच अंशी पार्कवाल्यांच्याच हाती सोपवलेली होती. कडक कायदा आला तो पुढच्या वर्षी, 2017 मध्ये. यावर मला काही तिरकं बोलायचं नाही. तुमच्या सोनेरी पट्टीवाल्यांपैकी एकाने तरी आत शिरण्याआधी तुमच्या घसरगुंड्यांचा तपासणी अहवाल मागितला होता का, एवढंच विचारते. नवऱ्याने मागितला होता. त्याला सांगितलं, तो ऑफिसात असतो, सोमवारी या. म्हणजे तिथेही सोमवार ते गुरुवार.

लाटांच्या तलावाच्या काठी एक पोरगा शिट्टी घेऊन उभा होता. दुपारी बाराला, उन्हात, छत्रीशिवाय. एक लहान मुलगी ट्यूबमधून सटकली, तर आम्हाला कळायच्या आत तो पाण्यात. मुलीला आईच्या हातात दिलं आणि परत काठावर जाऊन उभा. नवरा त्याच्याशी बोलला, धंद्याचं बोलणं, किती तासांची पाळी, बदली कोण देतं वगैरे. शेजारच्याच वाडीतला होता. बायको-पोरांना कधी आणलंस का, विचारल्यावर म्हणाला, स्टाफचा पास सीझनमध्ये चालत नाही. तुमच्या पार्कातला एकमेव फर्स्ट रिस्पॉन्डर तो. फलकावर मात्र त्याचं चित्र नाही.

असो. पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा येऊ, मुलांनी ऐकलेलं नाही. दोन दिवस आधी ऑनलाइन तिकीट काढू, तुमच्या हिशोबातल्या ‘कुणालाही’ या वर्गातून, पंधरा टक्क्यांत.

कळावे, लोभ असावा (शासकीय सुट्ट्या वगळून).

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका

ता. क. : पोशाखाची अनामत रक्कम, प्रत्येकी 100 रुपये, परत मिळालेली नाही. पावती भिजून फाटली म्हणून काउंटरवरून नकार आला. आपल्या पार्कात पावती कोरडी कशी ठेवावी, याबाबत लेखी मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.